वीस गोचिडांचा नियम

त्या राज्यात पाणी होते, गवत होते आणि गोचीड होते. पहिल्या दोन गोष्टींचा तिथल्या म्हशींना फार अभिमान होता. तिसरीचे नाव चारचौघांत काढायची रीत नव्हती.

राज्य म्हणजे एक मोठा डोह आणि त्याच्या चहूकडचे कुरण. मालकी म्हशींची. ती कोणी दिली, कधी दिली, हे कोणी विचारत नसे, कारण अंगाने मोठे असले की असले प्रश्न कानावर येत नाहीत. शिंगे तर अशी की वाघसुद्धा वाट सोडून जाई. पण स्वतःच्या कानामागे खाजवायचे म्हटले की हीच शिंगे कुचकामी. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या वळणात गोचीड बसत, रक्त पिऊन करवंदाएवढे होत, आणि म्हैस बिचारी डोहात डुंबून अंगाला चिखल थापून घेई. चिखलाने माशी हटते, गोचीड हटत नाही.

फार वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात गोचिडांनी कहर केला. पारडी उभ्या उभ्या सुकून गेली. तेव्हा डोहाच्या थोरांनी डोंगरापलीकडे निरोप धाडले. तिकडे साळुंक्या राहतात, त्यांची चोच बारीक आणि नजर तेज, असे ऐकले होते. निरोपात ‘कृपा करून’ हे शब्द तीनदा होते, हे आज तिथे कोणी कबूल करणार नाही. साळुंक्या आल्या. त्यांच्या मुलखात नुसते खडक आणि काटे, वर्षातले चार महिने दाण्याची मारामार. पोट कोणाला चुकले आहे? त्या आल्या आणि त्या उन्हाळ्यानंतर एकही पारडू गोचिडांनी गेले नाही.

त्यांच्यासाठी एक रिवाज ठरला. प्रत्येक साळुंकीला एक पाठ दिली जाई. एक साळुंकी, एक म्हैस. त्या पाठीवरच बसायचे, तिथेच झोपायचे, म्हैस डोहात शिरली की तिच्या मानेवरून वाकून पाणी प्यायचे. दुसऱ्या पाठीवर जायचे नाही. राज्याच्या जमिनीला पाय लावायचा नाही. घरटे बांधायचे नाही, पिल्लू आणायचे नाही. असे सात पावसाळे काढले की पायटेक. त्या दिवशी साळुंकीने काठच्या ओल्या मातीवर उतरायचे, तिची पावले मातीत उमटायची, आणि तिच्या म्हशीने एकदा मोठ्याने रेकायचे. रेकली की साळुंकी डोहाची झाली. मग तिला घरटे, मग तिला पिल्ले. दर पावसाळ्याची एक रेघ म्हशीच्या डाव्या शिंगावर पांढऱ्या मातीने ओढत. रिवाज कडक होता, पण निदान ठरलेला होता. ठरलेल्या गोष्टीच्या भरवशावर कोणीही दिवस काढतो.

सगुणा नावाच्या साळुंकीच्या सहा रेघा ओढून झाल्या होत्या. सातवीला दहा-बारा दिवस उरले होते. ती डोंगर ओलांडून आली तेव्हा तिच्या पिल्लाचे डोळे नुकते उघडले होते. त्याला तिने एका वाळक्या झाडाच्या ढोलीत आपल्या आईपाशी ठेवले होते. पिल्लाचा एक पंख अधू होता. डोंगर ओलांडायचा तर कोणीतरी पुढे उडून वारा अंगावर घ्यायला हवा होता, आणि सगुणेशिवाय ते करणारे कोणी नव्हते. साळुंकीचे पिल्लू सात पावसाळे पिल्लूच राहते काय, असे एखादा शहाणा विचारील. त्याने ते आईला विचारावे. पलीकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून निरोप येत. या साली निरोप असा आला होता, की म्हातारीला आता दाणा आणवत नाही, पायटेक झाल्या झाल्या नीघ.

सगुणेला मिळालेली पाठ होती चंद्री नावाच्या म्हाताऱ्या म्हशीची. सगळा डोह तिला चंद्रीआत्या म्हणे. तिला उजव्या डोळ्याने दिसत नव्हते आणि डाव्याने दिसे ते तिला फारसे आवडत नसे. तिचा मुलगा वजीर हा डोहावर हुकूम चालवणाऱ्या थोरल्या रेड्याच्या पहाऱ्यातला नावाजलेला गडी. आईला भेटायला तो वर्षातून एकदा येई, आणि आला की उभ्या उभ्या निघून जाई. आत्याचे सगळे करायची ती सगुणा. सकाळी कान, दुपारी डोळे, आत्या कुशीवर लवंडली की पोट. गोचीड नुसता ओढला तर त्याचे तोंड कातडीत तुटून राहते आणि तिथे गळू होते. तो चोचीत धरून आधी पिळायचा, सैल झाला की मग उचलायचा, आणि जागेवर आत्याच्याच अंगावरची ओली माती दाबायची. सहा पावसाळ्यांत सगुणेने एकही तोंड आत राहू दिले नव्हते. आत्या तिला चिडवी, म्हणे की माझा लेक मला ओळखत नाही आणि तू माझी खाज ओळखतेस. कामाच्या नादात दोघी भांडतही. आत्याला दुपारी गाढ झोप हवी असे आणि सगुणेला नेमका तेव्हाच डोळ्याच्या कडेला काहीतरी दिसे.

त्या साली डोहाचे पाणी चांगले हातभर खाली गेले. का गेले, हे शेंबड्या पारडालाही ठाऊक होते. थोरल्या रेड्याने आणि त्याच्या चार भावांनी वरच्या अंगाला ओढा अडवून स्वतःपुरते डबके केले होते. पण थोरल्याच्या शिंगांची लांबी अशी होती की ते कारण कोणाला आठवेना. तरण्या टोणग्यांना डुंबायला जागा पुरेना. ते काठावर उभे राहून एकमेकांना ढुशा देऊ लागले. ढुशा आपल्यापर्यंत येणार हे थोरल्याने ओळखले, आणि सभा बोलावली. सभेत त्याने विचारले की पाणी कमी झाले तेव्हा डोहात नवीन कोण आले होते? टोणग्यांनी इकडेतिकडे पाहिले. प्रत्येकाच्या आईच्या पाठीवर एक साळुंकी बसली होती.

आता साळुंकी दिवसाला पाणी पिते किती? चोचीत मावेल तेवढे. एक म्हैस एका दमात जेवढे ओढते तेवढ्यावर सगळ्या साळुंक्यांचा उन्हाळा निघाला असता. हे सांगायला तोंड होते सगळ्यांना, पण सभेत ते कोणी उघडले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती तिथे भर दुपारी, सर्वानुमते झाली. टोणगे तर इतके खूश झाले की त्या दिवसापुरते डुंबायचेच विसरले.

दुसऱ्या दिवशी नवे नियम पुकारले गेले. पुकारणारा होता हैबती. हा स्वतः साळुंकीच. त्याची आई पाठीवर बसूनच या राज्यात आली होती आणि सात रेघांनंतर तिची पायटेक झाली होती. हैबती इथल्या बाभळीवर जन्मला. रोज सकाळी तो आपली पिवळी चोच चिखलात बुडवून काळी करून घेई, आणि वाळून पोपडे पडू लागले की पुन्हा बुडवी. थोरल्याने त्याला तपासनीस नेमले होते. कारण सरळ होते. म्हशीने हे काम केले असते तर तिला थोडीफार लाज वाटली असती.

थोरल्याच्या शिंगावर बसून हैबतीने सांगितले की साताचे आता चौदा झाले. नव्याने येणाऱ्यांचे तर झालेच, इथे असलेल्यांचेही झाले. मात्र थोरले मोठ्या मनाचे असल्यामुळे, ज्यांचे सात याच पावसाळ्यात भरतात त्यांना सवलत आहे. त्यांनी दोन परीक्षा द्याव्यात. एक, डोहाच्या भाषेत रेकून दाखवावे. दोन, आपल्या पाठीला आपली गरज आहे हे सिद्ध करावे. ज्यांची गरज सिद्ध होणार नाही त्यांची पाठ काढून घेतली जाईल.

त्या दिवशी सगुणेने आत्याच्या कानात शिरून असे काम काढले की आत्या कळवळली.

रेकण्याची परीक्षा काठावर झाली. साळुंकीला नक्कल करायला शिकवावे लागत नाही. त्यातून सगुणा सहा पावसाळे आत्याच्या कानाशी राहिलेली. ती अशी रेकली की डोहात डुंबणाऱ्या दोन म्हाताऱ्या आत्याला हाक देत बाहेर आल्या. गंमत म्हणून एका टोणग्याने पारड्यांनाही रेकायला लावले, तर निम्म्यांच्या घशातून नुसती घरघर निघाली. तीही हैबतीने पास केली, ती इथली होती. सगुणेलाही त्याने पास केले, पण शेरा मारला की आवाज संशय यावा इतका शुद्ध आहे. वर विचारले, की हे तू नक्की कशासाठी शिकलीस?

गरजेची तपासणी तीन दिवसांनी आली. पहिल्यांदा शेजारची पाठ झाली. त्या पाठीवर केरबा नावाचा साळुंका होता. हा दिवस चढेपर्यंत झोपे, उठला की किडे टिपायला कुरणावर घिरट्या घाली, आणि म्हशीच्या कानाकडे बघायचे त्याच्या जिवावर येई. त्याच्या म्हशीच्या अंगावर हैबतीने सत्तर गोचीड मोजले आणि पुकारले, की या पाठीला साळुंकीची गरज आहे. केरबाची सवलत मंजूर झाली. मग हैबती चंद्रीआत्याकडे आला. त्याने दोन्ही कान पाहिले, शेपूट उचलायला लावली, कासेपर्यंत वाकून आला. त्याला काही मिळाले नाही. पुन्हा एकदा पाहिले. दुसऱ्यांदाही काही मिळाले नाही.

“या पाठीवर गोचीड नाहीत,” तो म्हणाला. “नियमाप्रमाणे निदान वीस हवेत. गरज सिद्ध होत नाही.”

“नाहीत, कारण मी आहे,” सगुणा म्हणाली. “मी सहा पावसाळे हेच केलं. दुसरं काय केलं?”

“तू काय केलंस हे नियम विचारत नाही. आज काय आहे ते विचारतो.”

आत्याने मान वळवून चांगला डोळा त्याच्यावर रोखला. “हैबती, तुझी आई माझ्या आईच्या पाठीवर होती रे. तुझ्या घरट्याला उन्ह लागायचं म्हणून माझी आई भर दुपारी पाणी सोडून बाभळीच्या पश्चिमेला उभी राहायची. ते कोणत्या नियमात बसत होतं?”

“तो काळ वेगळा होता, आत्याबाई,” हैबती म्हणाला. त्याच्या चोचीवरचा एक पोपडा निघून पाठीवर पडला होता, तो त्याने घाईघाईने उचलला. जाताना त्याने सांगितले की फेरतपासणीची तरतूद आहे. आठ दिवसांनी तो पुन्हा येईल. वीस दिसले तर सवलत, नाही दिसले तर डोंगर.

तो गेल्यावर केरबा आपल्या पाठीवरून बोलला. मन वाईट नव्हते त्याचे. तो म्हणाला की मी तुला वर्षानुवर्षे सांगत होतो, इतके घासूनपुसून ठेवू नकोस, थोडी घाण असू द्यावी, घाण असली की आपली आठवण राहते. सगुणेला राग आला होता तो केरबाचा नव्हता. त्याचे म्हणणे खरे निघाले होते, त्याचा होता.

तोडगा आत्यानेच काढला. आठ दिवस मला हात लावू नकोस, ती म्हणाली. गवतात लोळून येते, वीस काय, दोनशे येतील. सगुणेने साफ नाही म्हटले. आत्या म्हातारी होती, अंगात रक्त किती आणि काय. पण आत्या हट्टाला पेटली की डोह इकडचा तिकडे झाला तरी ऐकत नसे. ती त्याच संध्याकाळी ओढ्याकाठच्या उंच गवतात, जिथे शहाणी म्हैस जात नाही, तिथे जाऊन लोळली आणि परत आली.

पहिले दोन दिवस काही वाटले नाही. तिसऱ्या दिवसापासून गोचीड दिसू लागले. सगुणा शिंगावर चोच मिटून बसून राहिली. ज्या कानाची घडी न् घडी तिला पाठ होती, त्या कानात एकेक गोचीड मुगाएवढा, मग वाटाण्याएवढा होताना ती बघत होती. तिची चोच आपोआप तिकडे जाई आणि ती मागे घेई. गोचीड काढायला शिकलेल्या जिवाने गोचीड वाढताना मोजत बसायचे, हा नियम ज्याने काढला त्याच्या कानात एकदा शंभर सोडायला हवे होते. आत्या तिला हसवायला बघे. म्हणे, बघ, किती दिवसांनी माझ्या अंगावर मांस चढतंय. पाचव्या दिवशी तिने चारा सोडला. सहाव्या दिवशी तिचे अंग तापले आणि ती पाण्यात जायची थांबली.

सातव्या दिवशी सगुणा उठली आणि सरळ कानात शिरली. पुरे झाले, म्हणाली, मला नको यांची माती. आत्याने कान असा आवळून धरला की सगुणेला बाहेर यावे लागले.

“एक दिवस राहिलाय,” आत्या म्हणाली. तिचा आवाज खोल गेला होता. “तुझं पिल्लू सात वर्षं थांबलंय आणि तुला एक दिवस धीर नाही? मला त्याला बघायचंय ग. माझ्या पाठीवर नाचू दे ते एकदा, मग काढ सगळे.”

सगुणा पुन्हा शिंगावर जाऊन बसली. तो सबंध दिवस तिने दुसरीकडे तोंड करून काढला.

आठव्या दिवशी हैबती आला. बरोबर पहाऱ्याचे सहा टोणगे होते, त्यांच्या पुढे वजीर होता. बघायला बराच डोह जमला. हैबतीने मोजायला सुरुवात केली आणि एकशेचाळीसवर थांबला, कारण पुढे मोजायची गरज नव्हती.

“गरज सिद्ध झाली,” तो म्हणाला. “या पाठीला साळुंकी हवी.”

सगुणेने डोळे मिटून घेतले. आत्याने मोठा श्वास सोडला.

“पण ही नको,” हैबती पुढे म्हणाला. “आपल्या पाठीवर वीसपेक्षा जास्त गोचीड होऊ देणारी साळुंकी कामचुकार समजावी आणि तिची पाठ काढून घ्यावी, असा नियम आहे.”

“कधीपासून?” सगुणेने विचारले.

“काल दुपारपासून.”

केरबाच्या सत्तरांचे काय, असे गर्दीत कोणीतरी पुटपुटले. हैबती म्हणाला की ती तपासणी कालच्या आधीची आहे. केरबा मान खाली घालून आपल्या म्हशीच्या कानात प्रथमच काहीतरी शोधू लागला.

मग जे झाले ते त्या डोहावर पूर्वी कधी झाले नव्हते. चंद्रीआत्या उठली. पुढचे पाय लटपटत होते, पण उठली, आणि चालत काठाच्या ओल्या मातीपाशी गेली. तिथे उभी राहून ती सगुणेला म्हणाली, उतर खाली. सगुणेला समजेना. आत्या पुन्हा म्हणाली, “टेक पाय. तुझे दिवस भरलेत. पाठ माझी आहे, त्या थोरल्याची नाही. मी रेकते.”

सात पावसाळ्यांत पहिल्यांदा सगुणा त्या राज्याच्या जमिनीवर उतरली. माती गार होती. तिची पावले उमटली, तीन बोटे पुढे, एक मागे. आत्याने मान वर केली आणि रेकली. आवाज फाटका निघाला, अर्ध्यावर तुटला, पण निघाला. रिवाजाप्रमाणे इतके झाले की झाले. जमलेल्यांपैकी एकाही म्हशीने तोंड उघडले नाही. हैबतीने वजिराकडे पाहिले. वजीर पुढे आला, आईकडे न बघता सगुणेच्या पावलांवर त्याने आपला खूर ठेवला आणि फिरवला. मग दुसरा खूर. मागून सहाही टोणगे आले. थोड्या वेळाने तिथे नुसता चिखल होता.

सगुणा उडून पुन्हा आत्याच्या शिंगावर बसली होती. ती वजिराशी बोलली, आणि इतक्या मोठ्याने बोलली की पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेले.

“नीट ऐकून घे. उजव्या कानात, आत वळणाच्या पलीकडे चार आहेत. डाव्यात अकरा. डोळ्याच्या कडेचा आधी काढ, नाहीतर राहिलेला डोळाही जाईल. ओढू नकोस, पिळून काढ. जागेवर माती लाव. तुझी आई आहे ती.”

वजीर म्हणाला, बघतो.

आत्याने तिला काही सांगितले, ते हळू होते, कोणाला ऐकू गेले नाही. सगुणेने एकदा तिच्या कपाळावरून चोच फिरवली आणि डोंगराच्या दिशेने निघून गेली. तिच्या मागून त्या आठवड्यात आणखी दोनशे साळुंक्या गेल्या. काही गरज नसल्यामुळे गेल्या, काही गरज फार असल्यामुळे. केरबा शेवटच्या खेपेला गेला, त्याच्या म्हशीच्या कानात फेरतपासणीला अवघे एकोणीस सापडले.

डोंगरापलीकडे सगुणेला ढोली सापडली. म्हातारी त्याच महिन्यात गेली होती. पिल्लू आत होते, वाळलेले, अधू पंख अंगाशी धरून बसलेले. समोरच्या पक्ष्याला पाहून ते घाबरले आणि ढोलीच्या अगदी मागे सरकले. सगुणेने त्याला हाक मारली. सात वर्षे तिच्या कानावर बहुतेक म्हशींचीच भाषा पडली होती, त्यामुळे त्या हाकेला म्हशीच्या रेकण्याचा हेल आला. पिल्लू आणखी मागे सरकले. ते तिच्याजवळ यायला पुढे पुष्कळ दिवस लागले, आणि त्या दिवसांत ती बाहेर बसून राहिली.

इकडे डोहावर रिकाम्या पाठींसाठी दवंडी पिटली गेली. कानातले गोचीड काढण्याचे काम आता इथल्याच पोराबाळांना मिळेल, असे थोरल्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. टोणग्यांनी शेपट्या उडवून आनंद केला. कामाला कोणी आले नाही. वजिराने एकदा आईच्या कानाला जीभ लावून पाहिली. म्हशीची जीभ कानाच्या वळणापर्यंत जात नाही. त्याने इतर टोणग्यांना सांगितले की त्याने प्रयत्न केला. ओढ्याचे पाणी अजून वरच्या डबक्यातच होते आणि डोह आणखी वीतभर खाली गेला होता, पण त्यावर सभा भरली नाही.

पावसाळा संपला तेव्हा थोरल्याने गणती लावली. राज्यातल्या प्रत्येक पाठीवर आता कोण कोण आहे, आणि त्यातले बाहेरचे किती, हे मोजून सर्वांना सांगायचे होते. हैबती पांढरी माती घेऊन निघाला. पाठ तपासायची, बाहेरचा कोणी नसेल तर म्हशीच्या कपाळावर पांढरा टिळा लावायचा आणि ‘पाठ स्वच्छ’ म्हणून पुकारायचे. प्रत्येक पुकाऱ्याला काठावरची सभा एकमुखाने रेकत होती. टिळे इतके लागत होते की माती दोनदा कालवावी लागली.

चंद्रीआत्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात कुशीवर पडली होती. दिसणाऱ्या डोळ्याच्या कडेचा तो गोचीड कोणी काढला नव्हता, आणि आता दोन्ही डोळे मिटलेले होते. श्वास चालू होता, फार हळू. दोन्ही कान इतके भरले होते की मिटत नव्हते. मानेवर, पोटावर, कासेत बोट ठेवायला जागा नव्हती. वजीर चार पावले दूर उभा होता. हैबती तिच्या पाठीवर उतरला आणि नेहमीच्या काटेकोरपणे काम करू लागला. त्याने एकेकाला विचारले. सगळे इथल्याच गवतात जन्मले होते. त्यांच्या आया इथल्याच गवतात जन्मल्या होत्या, त्यांच्या आज्या-पणज्याही. डोंगर तर त्यांच्यापैकी एकानेही पाहिला नव्हता. हैबतीने हजारपर्यंत मोजले आणि सभेकडे वळून पुकारले, “बाहेरचा एकही नाही. सगळे इथलेच. पाठ स्वच्छ.”

सभा आनंदाने रेकली, वजीरही रेकला. हैबतीने चंद्रीआत्याच्या कपाळावर पांढरा टिळा लावला. टिळ्याच्या ओल्या मातीवरून एक टम्म फुगलेला गोचीड सावकाश चालत तिच्या मिटलेल्या डोळ्याकडे गेला. त्याला कोणी हटकले नाही.